कडधान्यांचा भूक व रक्तशर्करेवरील परिणाम

हरभरा, मूग, मटकी, मसूर, तूर, उडीद, वाल, चवळी, राजमा, कुळीथ इत्यादी कडधान्ये खाल्ल्यानंतर रक्तातील ग्लुकोजची पातळी भात, पाव किंवा बटाटा यांच्या तुलनेत कमी प्रमाणात व सावकाश वाढते, तसेच पोट अधिक काळ भरलेले राहते. कडधान्यांच्या या गुणधर्माचा पद्धतशीर अभ्यास १९८०च्या दशकाच्या आरंभापासून होत आला आहे. हा परिणाम सामान्यतः कडधान्यांतील प्रथिने व तंतुमय पदार्थ यांच्या विपुलतेशी जोडला जातो. ते खरे असले तरी पूर्ण स्पष्टीकरण नव्हे. दाण्याच्या पेशींची रचना, त्यातील स्टार्चचे स्वरूप, दाणा अख्खा शिजवला की आधी दळला, आणि तो भात-पोळीऐवजी खाल्ला की त्यांच्या जोडीला, यांवर परिणामाचे प्रमाण ठरते. त्यामुळे एकाच हरभऱ्याची उसळ व त्याच्याच पिठाची शेव यांचे शरीरातील वर्तन सारखे नसते.

## संज्ञा

शिंबावंत कुलातील वनस्पतींच्या वाळलेल्या खाद्य बियांना कडधान्ये म्हणतात. मराठीत अख्ख्या दाण्याला कडधान्य आणि साल काढून दुभंगलेल्या दाण्याला डाळ म्हणण्याचा प्रघात आहे. आहाराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण साल काढताना तंतुमय पदार्थांचा मोठा भाग निघून जातो. सोयाबीन व भुईमूग याच कुलातील असले तरी त्यांत तेलाचे प्रमाण अधिक असल्याने त्यांची गणना तेलबियांमध्ये होते. गवार, घेवडा व मटार यांच्या कोवळ्या शेंगा किंवा ओले दाणे भाजी म्हणून खाल्ले जातात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि त्यानंतर १० फेब्रुवारी हा जागतिक कडधान्य दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

रक्तात विरघळलेल्या ग्लुकोजला रक्तशर्करा म्हणतात. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या संपूर्ण रक्तात कोणत्याही क्षणी साधारण ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढेच ग्लुकोज असते. एका ताटभर जेवणातून मात्र याच्या अनेक पट ग्लुकोज काही तासांत रक्तात येते. ते कोणत्या वेगाने येते, याला म्हणूनच महत्त्व आहे. ग्लुकोज वेगाने आल्यास स्वादुपिंडाला अल्पावधीत अधिक इन्सुलिन स्रवावे लागते. मधुमेहात इन्सुलिन अपुरे पडते किंवा त्याला पेशींकडून मिळणारा प्रतिसाद क्षीण झालेला असतो, त्यामुळे अशा वेळी रक्तशर्करा फार वाढते.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप व्यापक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १० कोटी १० लाख भारतीयांना मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लाख व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत.

## कडधान्यांतील पोषक घटक

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय खाद्यपदार्थांच्या तक्त्यांवर आधारित स्थूल प्रमाणे पुढे दिली आहेत. आकडे १०० ग्रॅम कच्च्या धान्यासाठी व ग्रॅममध्ये आहेत.

| धान्य | प्रथिने | तंतुमय पदार्थ |
|---|---|---|
| हरभरा, अख्खा | १९ | २५ |
| हरभरा डाळ | २२ | १५ |
| तूर, अख्खी | २० | २३ |
| तूरडाळ | २२ | ९ |
| मूग, अख्खा | २३ | १७ |
| मूगडाळ | २४ | ९ |
| उडीद, अख्खा | २२ | २० |
| उडीद डाळ | २३ | १२ |
| मसूर, अख्खी | २२ | १७ |
| मसूरडाळ | २४ | १० |
| मटकी | २० | १५ |
| गव्हाची कणीक | ११ | ११ |
| पॉलिश केलेला तांदूळ | ८ | ३ |

या तक्त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कडधान्यांतील प्रथिनांचे प्रमाण गव्हाच्या सुमारे दुप्पट व तांदळाच्या अडीच ते तीनपट असते. दुसरी, साल काढल्याने प्रथिनांचे शेकडा प्रमाण किंचित वाढते, पण तंतुमय पदार्थ बरेच घटतात. तुरीच्या बाबतीत ते निम्म्याहूनही कमी उरतात. शिजताना कडधान्ये पाणी शोषून घेतात व त्यांचे वजन दुपटीहून अधिक होते. त्यामुळे शिजलेल्या उसळीच्या १०० ग्रॅममधील आकडे याच प्रमाणात कमी असतात.

तंतुमय पदार्थांचे स्थूलमानाने दोन प्रकार मानतात. पाण्यात न विरघळणारे तंतू (उदा., सेल्युलोज) मुख्यतः सालीत असतात व ते मलाचे आकारमान वाढवतात. पाण्यात विरघळणारे किंवा फुगणारे तंतू (उदा., पेक्टिन) आतड्यातील अन्नद्रवाला दाटपणा आणतात. यांखेरीज रॅफिनोज, स्टॅचिओज व व्हर्बॅस्कोज या लहान शर्करा-साखळ्या कडधान्यांत असतात. त्या पचवणारे विकर मानवी लहान आतड्यात नसल्यामुळे त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात.

कडधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे ॲमिनो आम्ल भरपूर, तर मिथिओनिन कमी असते. तृणधान्यांत याच्या उलट स्थिती असते. त्यामुळे डाळ-भात, भाकरी-उसळ किंवा खिचडी यांसारख्या मिश्र जेवणातून मिळणारी प्रथिने दोहोंपैकी कोणत्याही एकट्या धान्याच्या प्रथिनांपेक्षा अधिक उपयुक्त ठरतात.

## रक्तशर्करेवरील परिणाम

### ग्लायसेमिक निर्देशांक

समान कर्बोदके असलेले पदार्थ रक्तशर्करा समान वाढवतात, असे दीर्घकाळ मानले जात असे. कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाचे डेव्हिड जेंकिन्स, थॉमस वोलेव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ६२ खाद्यपदार्थांची तुलना प्रसिद्ध करून हा समज चुकीचा असल्याचे दाखवले. त्यांनी सुचवलेल्या मापाला ग्लायसेमिक निर्देशांक म्हणतात. पचनयोग्य कर्बोदके ५० ग्रॅम भरतील एवढा पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांत रक्तशर्करेत होणारी वाढ ही तेवढ्याच ग्लुकोजमुळे होणाऱ्या वाढीच्या शेकडा किती आहे, हे या निर्देशांकावरून समजते. निर्देशांक ५५ किंवा त्याहून कमी असल्यास तो कमी, ५६ ते ६९ असल्यास मध्यम आणि ७० वा त्याहून अधिक असल्यास उच्च समजतात.

जेंकिन्स यांच्या मूळ यादीत कडधान्यांचा गट सर्वांत खालच्या स्थानांवर होता. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तक्त्यांतील सरासरी मूल्ये अशी आहेत: पांढरा पाव ७५, पांढरा भात ७३, चपाती ५२, मसूर ३२, उकडलेले काबुली चणे २८, राजमा २४ व सोयाबीन १६. तांदळाचा वाण व शिजवण्याची पद्धत यांनुसार भाताचे मूल्य बरेच बदलते. कडधान्यांची मूल्ये मात्र बहुतेक चाचण्यांत कमीच आढळली आहेत.

निर्देशांकात वाढलेल्या वाढपाचा विचार नसतो. त्यासाठी ग्लायसेमिक भार हे दुसरे माप वापरतात. वाढपातील पचनयोग्य कर्बोदकांना निर्देशांकाने गुणून १०० ने भागले असता हा भार मिळतो. १५० ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भाताचा भार सुमारे ३०, तर तेवढ्याच उकडलेल्या चण्यांचा भार सुमारे ८ येतो.

### पेशीभित्तिकेची भूमिका

कडधान्यातील स्टार्चचे कण दाण्याच्या दलांमधील पेशींत प्रथिनांच्या जाळीत रुतलेले असतात, आणि प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व पेक्टिन यांची जाड भित्तिका असते. दाणा शिजवला असता शेजारच्या पेशींना जोडणारे पेक्टिन विरघळते व पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. शिजलेला दाणा बोटाने सहज दाबला जातो, तो यामुळेच. परंतु सुट्या झालेल्या बहुसंख्य पेशी फुटत नाहीत. स्टार्च त्या बंद कुपीत फुगून मऊ होतो, पण बाहेर पडत नाही. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज या विकराला भित्तिका ओलांडून आत शिरण्यास वेळ लागतो, आणि म्हणून ग्लुकोज सावकाश सुटत राहते. तांदूळ व गहू यांच्या स्टार्चयुक्त पेशींच्या भित्तिका पातळ असल्याने दळताना किंवा शिजताना त्या सहज फुटतात.

अशा रीतीने कडधान्यातील तंतुमय पदार्थांचे कार्य केवळ वजनात मोजता येत नाही. पेशीभित्तिका हाही तंतुमय पदार्थच आहे. ती अभंग असेपर्यंत स्टार्चला कुंपण घालते. भित्तिका फुटल्यानंतर तंतूंचे वजन तेवढेच राहते, कुंपण मात्र नाहीसे होते. कोंड्याची भर घातलेला पाव आणि उकडलेले चणे यांतील तंतूंचे प्रमाण समान असले तरी रक्तशर्करेवरील परिणाम भिन्न असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

ब्रिटनमधील संशोधकांनी या तत्त्वाचा उलट दिशेने उपयोग करून पाहिला. चणे आधी शिजवून, पेशी अभंग ठेवून त्यांची भुकटी तयार करण्यात आली व ती पावाच्या मैद्यात मिसळण्यात आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अशा पावानंतर रक्तशर्करेतील वाढ साध्या पावाच्या तुलनेत सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली.

### स्टार्च, प्रथिने व विद्राव्य तंतू

स्टार्चमध्ये अमायलोज व अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोपेक्टिनच्या फांद्या असलेल्या रेणूंवर विकरांना अनेक टोकांकडून काम करता येते. अमायलोजच्या सरळ साखळ्या एकमेकींजवळ घट्ट बसतात व सावकाश पचतात. सामान्य तृणधान्यांच्या तुलनेत कडधान्यांच्या स्टार्चमध्ये अमायलोजचे प्रमाण अधिक असते. शिजलेले कडधान्य थंड होताना या साखळ्या पुन्हा जुळून येतात व स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात न पचणारा बनतो. त्याला प्रतिरोधी स्टार्च म्हणतात.

पेशींमधील प्रथिनांची जाळी स्टार्चच्या कणांभोवती दुसरे आवरण निर्माण करते. शिवाय प्रथिनांच्या पचनातून सुटणारी ॲमिनो आम्ले स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास उद्युक्त करतात आणि जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करणाऱ्या संप्रेरकांना चालना देतात.

विद्राव्य तंतूंच्या परिणामाचा आरंभीचा पुरावा गवारीपासून मिळाला. गवारीच्या बियांपासून काढलेला गवार गम व पेक्टिन जेवणाबरोबर दिल्यास जेवणोत्तर रक्तशर्करा कमी वाढते, असे जेंकिन्स व सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवले. दाटपणामुळे अन्नद्रव आतड्यात नीट मिसळत नाही व ग्लुकोज आतड्याच्या भिंतीपर्यंत उशिरा पोहोचते. मेथीचे दाणेही शिंबावंत कुलातील असून त्यांत गवारीप्रमाणेच गॅलॅक्टोमॅनन हा दाट द्रव बनवणारा तंतू असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेत १९८०च्या दशकात मेथीवर झालेल्या अभ्यासांत रक्तशर्करा घटल्याचे आढळले. मात्र त्यांत वापरलेले प्रमाण फोडणीतील चिमूटभर मेथीच्या कितीतरी पट होते.

### पुढच्या जेवणावरील परिणाम

न्याहारीत मसूर खाल्ल्यास त्या वेळची रक्तशर्करा तर कमी वाढतेच, शिवाय चार तासांनी घेतलेल्या दुपारच्या जेवणानंतरची वाढही कमी होते, असे १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या टोरोंटो येथील प्रयोगात दिसून आले. याला दुसऱ्या जेवणाचा परिणाम म्हणतात. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील २०१३च्या अभ्यासात रात्रीच्या जेवणात तपकिरी घेवड्याचे दाणे घेतलेल्या व्यक्तींची दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतरची रक्तशर्करा कमी वाढली.

यामागे दोन कारणे सांगितली जातात. पहिले, सावकाश पचनामुळे जेवणांच्या मधल्या काळात रक्तातील मुक्त मेदाम्ले दबलेली राहतात व पुढच्या वेळी इन्सुलिनचे कार्य अधिक प्रभावी होते. दुसरे, न पचलेले तंतू व प्रतिरोधी स्टार्च यांचे मोठ्या आतड्यातील जीवाणू किण्वन करतात आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. ही मेदाम्ले आतड्यातील संप्रेरकस्रावी पेशींना उद्दीपित करतात. किण्वनाला काही तास लागत असल्याने हा परिणाम पुढच्या जेवणाच्या सुमारास दिसतो.

## भुकेवरील परिणाम

भुकेच्या अभ्यासात दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात: जेवताना पोट भरल्याची जाणीव होऊन हात थांबणे, आणि जेवणानंतर पुढची भूक लागेपर्यंतचा काळ. कडधान्यांचा परिणाम पुढील मार्गांनी या दोन्हींवर होतो.

* आकारमान व चावणे – शिजलेल्या कडधान्यात पाणी व तंतू यांचा वाटा मोठा असल्याने तेवढ्याच उष्मांकांसाठी अधिक अन्न खावे लागते. अख्खा दाणा चावण्यास वेळ लागतो, जठर ताणले जाते आणि त्याचे संदेश मेंदूकडे पोहोचण्यास अवधी मिळतो.
* लहान आतड्याचा आरंभीचा भाग – प्रथिने व मेद यांच्या पचनातील घटक येथे आल्यावर कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते. ते जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते व तृप्तीची जाणीव वाढवते.
* लहान आतड्याचा शेवटचा भाग व मोठे आतडे – सावकाश पचणारे अन्न येथवर पोहोचल्यास जीएलपी-१ व पीवायवाय ही संप्रेरके स्रवतात. जीएलपी-१ मुळे इन्सुलिनचा स्राव वाढतो व भूक मंदावते. मधुमेह व लठ्ठपणावर अलीकडे वापरली जाणारी काही औषधे याच संप्रेरकाचे अनुकरण करतात. अन्नामुळे होणारा नैसर्गिक स्राव मात्र या औषधांच्या परिणामाच्या तुलनेत अतिशय सौम्य व अल्पकालीन असतो.
* घ्रेलिन – भूक लागल्याची जाणीव करून देणाऱ्या या संप्रेरकाची पातळी प्रथिनयुक्त जेवणानंतर अधिक काळ खाली राहते.

प्रथिने व तंतू यांचा वाटा वेगळा काढणे कठीण असते, कारण कडधान्यात ते एकत्रच येतात. कोपनहेगन येथे ४३ निरोगी तरुणांवर झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घेवड्याचे दाणे व वाटाणा यांचे जेवण आणि मांसाचे जेवण यांची तुलना करण्यात आली. दोन्ही जेवणांत प्रथिनांचे प्रमाण सारखे होते, तंतू मात्र कडधान्यांच्या जेवणात अधिक होते. कडधान्यांच्या जेवणानंतर तृप्ती अधिक टिकली आणि पुढच्या जेवणात सुमारे १२ टक्के कमी ऊर्जा घेतली गेली. यावरून तृप्तीचे श्रेय केवळ प्रथिनांना देता येत नाही, असे दिसते.

## प्रक्रियेचा प्रभाव

### भिजवणे व मोड आणणे

भिजवलेले पाणी टाकून दिल्यास रॅफिनोज गटातील शर्करा काही प्रमाणात निघून जातात. मोड येताना बी स्वतःच्या वाढीसाठी याच शर्करा वापरते. त्यामुळे त्यांचे प्रमाण आणखी घटते व पोटात वायू धरण्याचा त्रास कमी होतो. लोह व जस्त यांचे शोषण रोखणारे फायटिक आम्लही मोड येताना कमी होते आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. प्रथिने व तंतू यांच्या एकूण प्रमाणात मात्र मोड आल्याने फारसा फरक पडत नाही. शिजलेल्या मोडाच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने कमी दिसतात, ती मुख्यतः पाण्याच्या वाढलेल्या प्रमाणामुळे.

### शिजवणे व घोटणे

मऊ शिजलेली किंवा घोटलेली डाळ रक्तशर्करा फार वाढवते, असा समज आढळतो. १९८२ सालच्या मसुरावरील एका अभ्यासात २० मिनिटे शिजवलेली मसूर, तीच एक तास शिजवलेली मसूर आणि शिजवल्यावर वाटून लगदा केलेली मसूर यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. शिजलेल्या पेशी वाटताना एकमेकींपासून सुट्या होतात, पण सहसा फुटत नाहीत, हे त्याचे स्पष्टीकरण आहे. त्याच अभ्यासात शिजवून नंतर १२ तास उच्च तापमानाला वाळवलेल्या मसुरीमुळे मात्र रक्तशर्करा अधिक वाढली.

### दळणे

कोरडा कच्चा दाणा दळताना पेशी फुटतात व स्टार्चचे कण उघडे पडतात. म्हणून बेसनाचे पदार्थ अख्ख्या हरभऱ्याइतके सावकाश पचत नाहीत. तरीही बेसनात प्रथिने अधिक आणि अमायलोजयुक्त स्टार्च असल्यामुळे ते मैद्यापेक्षा सरस ठरते. पिठले किंवा धिरडे यांची तुलना कशाशी केली जाते, यावर निष्कर्ष अवलंबून असतो: उसळीच्या तुलनेत त्यांचा परिणाम कमी, मैद्याच्या पदार्थांच्या तुलनेत तो अनुकूल.

## महाराष्ट्र व गोव्यातील आहारात

मराठी स्वयंपाकात कडधान्ये अख्खी, डाळ व पीठ अशा तिन्ही रूपांत वापरली जातात. मटकी-मुगाची उसळ, वालाचे बिरडे, मसुरीची आमटी आणि गोव्यातील आळसांद्यांचे तोंडाक हे अख्ख्या दाण्याचे पदार्थ आहेत. वरण, आमटी व खिचडी हे डाळीचे, तर पिठले, झुणका, कोकणातील कुळथाची पिठी व देशावरील हुलग्याचे शेंगोळे हे पिठाचे पदार्थ आहेत. थालीपिठाच्या भाजणीत तृणधान्ये व कडधान्ये एकत्र येतात.

रोजच्या ताटातील डाळीचे प्रत्यक्ष प्रमाण मात्र अनेकदा अल्प असते. एका वाटी वरणासाठी २५ ग्रॅम तूरडाळ घेतली, तर तीतून सुमारे साडेपाच ग्रॅम प्रथिने व सव्वादोन ग्रॅम तंतू मिळतात. वरण पातळ असल्यास ते आणखी कमी होतात. ५० ग्रॅम कोरड्या अख्ख्या मुगाच्या उसळीतून सुमारे ११ ग्रॅम प्रथिने व साडेआठ ग्रॅम तंतू मिळतात. वाटीभर पातळ वरण आणि ताटभर भात या जेवणात रक्तशर्करेचे गणित मुख्यतः भातच ठरवतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत २००० किलोकॅलरींच्या आदर्श आहारात कडधान्ये, अंडी व मांस यांच्या गटासाठी दररोज ८५ ग्रॅम एवढे प्रमाण सुचवले आहे. शाकाहारी व्यक्तीसाठी हे सर्व प्रमाण कडधान्यांतून येणे अपेक्षित आहे.

भाताचा काही भाग काढून त्या जागी कडधान्य घेतल्यास काय घडते, याचा अभ्यास कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात भातातील निम्मी कर्बोदके मसुरीच्या रूपात दिल्यावर निरोगी व्यक्तींची रक्तशर्करा सुमारे २० टक्क्यांनी कमी वाढली, तर बटाट्याच्या बाबतीत ही घट सुमारे ३५ टक्के होती. खिचडीत डाळ व तांदूळ यांचे प्रमाण एकास तीनऐवजी समसमान करणे हे याच तत्त्वाचे घरगुती रूप म्हणता येईल.

कडधान्यापासून बनलेला प्रत्येक पदार्थ या दृष्टीने समान नाही. पुरणात हरभरा डाळीबरोबर जवळजवळ तेवढाच गूळ असतो व ते मैद्याच्या किंवा कणकेच्या पोळीत भरले जाते. भजी, शेव व फरसाण यांत तळण्यामुळे ऊर्जेचे प्रमाण फार वाढते. मिसळीत मटकीची उसळ असली, तरी वरचे फरसाण व सोबतचे पाव यांमुळे तिचा एकूण परिणाम बदलतो.

## दीर्घकालीन परिणाम व पुराव्यांच्या मर्यादा

एका जेवणानंतरच्या परिणामांचे पुरावे सुसंगत आहेत. अनेक महिन्यांच्या आहारातील परिणाम मात्र सौम्य आहेत. २००९ साली ४१ नियंत्रित चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात कडधान्यांमुळे उपाशीपोटीची रक्तशर्करा व इन्सुलिन घटल्याचे आढळले. २०१२ साली दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या १२१ व्यक्तींवरील तीन महिन्यांच्या चाचणीत रोज किमान एक कप शिजलेले कडधान्य खाणाऱ्या गटाचे एचबीए१सी हे मागील सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेचे माप ०.५ टक्के अंकांनी, तर गव्हाच्या तंतूंवर भर देणाऱ्या गटाचे ०.३ टक्के अंकांनी घटले. फरक उपयुक्त आहे, पण तो औषधाची जागा घेण्याइतका मोठा नाही.

भुकेच्या बाबतीतही सावध निष्कर्ष आवश्यक ठरतो. २०१४ सालच्या ९ चाचण्यांच्या विश्लेषणात कडधान्यांच्या जेवणानंतर तृप्तीची जाणीव सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक नोंदवली गेली. परंतु पुढच्या जेवणात खाल्लेल्या अन्नाच्या प्रमाणात एकंदरीत फरक आढळला नाही. म्हणजे पोट भरल्यासारखे वाटणे आणि प्रत्यक्षात कमी खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ साली २१ चाचण्यांच्या विश्लेषणात रोज सुमारे १३० ग्रॅम शिजलेले कडधान्य साधारण सहा आठवडे खाणाऱ्यांचे वजन सरासरी ०.३४ किलोग्रॅमने घटल्याचे दिसले.

बहुतेक चाचण्या लहान, अल्पमुदतीच्या व कॅनडा, युरोप किंवा अमेरिकेतील आहेत. त्यांत मसूर, काबुली चणे, वाटाणा व राजमा यांचा वापर अधिक आहे. मटकी, कुळीथ व वाल यांच्यावरील मानवी चाचण्या तुलनेने थोड्या आहेत. काही चाचण्यांना कडधान्य-उत्पादक संघटनांचे अर्थसाहाय्य लाभले आहे, हेही निष्कर्ष वाचताना लक्षात घेतले जाते.

## दक्षता

* इन्सुलिन किंवा रक्तशर्करा कमी करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी आहारात मोठा बदल केल्यास रक्तशर्करा अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. असा बदल वैद्यकीय सल्ल्याने व रक्तशर्करा तपासत करणे इष्ट असते.
* मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकारात प्रथिने, पोटॅशियम व फॉस्फरस यांवर मर्यादा असू शकतात. कडधान्यांचे प्रमाण त्यानुसार ठरवावे लागते.
* तंतूंचे प्रमाण एकदम वाढवल्यास पोट फुगणे व वायू धरणे असे त्रास होतात. काही आठवड्यांत हळूहळू प्रमाण वाढवल्यास ते बहुधा कमी होतात. आतड्याच्या क्षोभाचा विकार असलेल्या व्यक्तींना काही कडधान्ये सोसत नाहीत.
* राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्यास व नंतर पूर्ण शिजवल्यास ते नष्ट होते. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्याने उलट्या व जुलाब होऊ शकतात.